यादी नको, प्रसंग हवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्राथमिक इंग्रजी शिक्षकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण



संमेलन दोन जिल्ह्यांचं असलं, तरी आपण मूळचे एकाच घरचे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. नकाशावर रेघ पडली, पण कृष्णा एकच राहिली आणि शिक्षणाचा वारसाही सामाईकच राहिला. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात त्यांनी शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली. कराड तालुक्यातल्या काले इथे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि हाताला काम व डोक्याला ज्ञान एकाच वेळी देता येतं हे दाखवून दिलं. इंग्रजी कुणासाठी आणि शिकवायची कशी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधताना मला हे दोघे वाटाड्यांसारखे वाटतात.

जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तोवर मराठी शाळेतल्या मुलाची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. निर्णयावर पुष्कळ वाद झाला. मराठीचं काय होणार, शिक्षक कुठून आणणार, सहा वर्षांच्या पोराला हे झेपणार का, हे प्रश्न खोटे नव्हते. मराठीतून डी.एड. झालेल्या, स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हातात ‘माय इंग्लिश बुक वन’ आलं, आणि त्यांनी ते निभावून नेलं. त्याबद्दल त्या पिढीचे आभार कुणी जाहीरपणे मानलेले मला आठवत नाहीत. ते आज मी इथून मानते.

पुढे सेमी-इंग्रजी आलं, गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस फिरू लागल्या, आपल्या शाळांचा पट घटू लागला. त्या धास्तीने आपण इंग्रजीचे शब्द वाढवले. भिंतीवर तक्ते लावले: रंगांचा, फळांचा, प्राण्यांचा, वारांचा, अवयवांचा. मुलं तक्ते पाठ करतात, पाहुण्यांसमोर खणखणीत म्हणून दाखवतात. पण तक्ता झाकला आणि मधलंच एक चित्र समोर धरलं, की त्याच मुलाला पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. याचा अर्थ शब्द त्याच्या तोंडात आहे, हाताशी नाही. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे: लहान मुलाला शब्दांची यादी देऊ नका, शब्दांचा प्रसंग द्या. आणि तो प्रसंग खेळायला द्या.

या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे. थॉमस टिंकहॅम या संशोधकाने १९९३ आणि १९९७ मध्ये प्रयोग करून पाहिलं, की एकाच जातीचे, एकमेकांसारखे शब्द एका वेळी शिकवले तर ते शिकायला उलट जास्त वेळ लागतो. एका घटनेत गुंफलेले शब्द मात्र लवकर बसतात. बेडूक, तळं, हिरवा, उडी मारणं हे असे शब्द. रॉब वेअरिंग यांना जपानी विद्यार्थ्यांबाबतही सारख्या शब्दांचा असाच अडथळा दिसला. हे प्रयोग मोठ्या विद्यार्थ्यांवर झाले. पण ट्यूसडे आणि थर्सडे, लेफ्ट आणि राइट, रेड आणि ग्रीन यांची अदलाबदल आपण वर्गात रोज ऐकतो. दोन्ही शब्द एकाच दिवशी, एकाच तक्त्यावरून दिले, की ते एकमेकांच्या जागेवर बसायला धावतात. म्हणून आज लेफ्ट शिकवा, आठवडाभर तोच खेळवा, आणि तो पक्का झाल्यावर राइट आणा.

प्रसंग म्हणजे काय, ते एका वर्गातून सांगते. तासगाव तालुक्यातली दुसरी. फेब्रुवारीचे दिवस, गावात द्राक्षाचा माल निघत होता, मुलांचे आईवडील सकाळपासून बागेत. बाईंनी वर्गात पुठ्ठ्याची एक रिकामी पेटी आणली, दुकानातून मागून आणलेला तराजू ठेवला आणि हिरव्या कागदाचे गोळे दोऱ्यात ओवून मुलांकडूनच घड करून घेतले. शब्द आठच: बंच, बॉक्स, कट, वे, पॅक, लोड, स्वीट, सावर. पहिल्या दिवशी मुलांनी तोंडातून एक अक्षर काढायचं नव्हतं, ऐकायचं आणि करायचं. ‘कट द बंच’ म्हटलं की बोटांची कात्री चालायची. ‘वे इट’ म्हटलं की घड तराजूत. ‘सावर’ म्हटलं की सगळ्या वर्गाने डोळे मिटून तोंड वाकडं करायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम घड दोरीवरच लटकत ठेवले आणि हुकूम सोडला, ‘लोड द बॉक्स!’ वर्ग गोंधळला. एरवी तोंड न उघडणारा शेवटच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि जोरात म्हणाला, ‘बाई, कट! कट!’ माल तोडल्याशिवाय पेटी गाडीत चढत नाही, हे त्याला बागेतून ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्यानेच त्याच्या तोंडून पहिला इंग्रजी शब्द आपणहून आला. तिसऱ्या दिवशी तोच मुलगा व्यापारी झाला होता आणि बाकीच्यांना हुकूम देत होता.

आधी ऐकून कृती, बोलणं नंतर, ही पद्धत जेम्स अॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडली. आपल्या अंगणात ती त्याच्याही आधीपासून आहे. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ दुसरं काय आहे? ‘चिमणी भुर्र’ खेळताना कोण उडतं आणि कोण उडत नाही, याचा निर्णय मूल क्षणात घेतं. त्यात स्पॅरो, क्रो, टेबल, बफेलो घाला, इंग्रजीचा तास सुरू झाला. ‘मामाचं पत्र हरवलं’मध्ये पत्राऐवजी रुमालात शब्दाचं कार्ड ठेवा. आणि ‘नाव, गाव, फळ, फूल’ हा तर विषयवार शब्दांचा आपला जुना, कसदार खेळ. यादीची खरी जागा तिथे आहे: प्रसंगांतून शब्द पक्के झाले, की मग त्यांची वर्गवारी करायची. यादीने सुरुवात करू नये, शेवट करावा.

आपल्या मातीत याची उदाहरणं आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी वर्गाच्या फरशीवर आखणी केली, खडे, बिया, काड्या मुलांच्या हातात दिल्या आणि शिकणं मुलांकडे सोपवलं. ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामागे या शाळांची प्रेरणा होती. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. जन्माने अमेरिकन, इंग्रजी मातृभाषा. पण त्यांच्या संस्थेचं कमला निंबकर बालभवन मराठी माध्यमाचं आहे. सगळी मुळाक्षरं ओळीने गिरवायला न लावता मोजकी अक्षरं घ्यायची आणि त्यांतून लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही त्यांची वाट. मराठी वाचनाचा पाया भक्कम असलेलं मूल इंग्रजीला घाबरत नाही, ही माझी खात्री अशा शाळा पाहूनच झाली आहे. खेळाचे नियम मराठीत सांगायला लाजू नका. नियम मराठीत, खेळ इंग्रजीत.

आणि मराठी म्हणताना आपल्या दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या मुलांची आठवण ठेवू या. जत तालुक्यात कितीतरी मुलांच्या घरी कन्नड बोलतात; त्यांना इंग्रजी ही तिसरी भाषा. विटा-आटपाडीकडची गलाईची कुटुंबं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. त्यांची मुलं तमिळ, मल्याळम किंवा हिंदी कानात घेऊन गावच्या शाळेत परत येतात. दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची मुलं येतात आणि हंगाम संपला की जातात. ज्याला वर्गाची भाषा नीट येत नाही, त्याला पाठांतराच्या तासाला मान खाली घालावी लागते. हातांनी खेळायच्या खेळात तो पहिल्या दिवसापासून बरोबरीचा असतो. जतच्या मुलाला एखाद्या वस्तूचं कन्नड नाव वर्गाला सांगू द्या. एकाच वस्तूला तीन नावं असू शकतात, हे कळलेलं मूल भाषांच्या बाबतीत श्रीमंत होतं.

आता काही पथ्यं. पहिलं, एका प्रसंगात सहा ते आठच नवे शब्द, आणि त्यांत कृतीचे शब्द निम्मे तरी असावेत. नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. दुसरं, ‘आउट’ झालेल्या मुलाला भिंतीशी बसवू नका. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त, तोच आधी बाद होतो आणि उरलेला वेळ नुसता बघत बसतो. बाद झालेल्याला हुकूम देणारा करा. तिसरं, खेळ संपला म्हणून शब्द संपला असं समजू नका. तो दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा भेटला पाहिजे, आणि दर वेळी वेगळ्या प्रसंगात. द्राक्षबागेतला ‘कट’ गुऱ्हाळासाठी ऊस तोडताना यावा, ‘बॉक्स’ स्ट्रॉबेरीच्या खेळात यावा. चौथं, उच्चार. कॅप, कप, कॉप हे वेगळे ऐकू येईपर्यंत ऐकवा; लिहिण्याची घाई करू नका. पाचवं, चार हुशार मुलांच्या आवाजाने वर्ग गाजतो तेव्हा बाकीची तीस गप्प असतात. जोड्या करा. द्विशिक्षकी शाळेत तर हे सोयीचंच आहे: चौथीचं मूल व्यापारी, पहिलीचं गिऱ्हाईक.

‘आमचंच इंग्रजी कच्चं आहे’ असं सांगणारे शिक्षक मला नेहमी भेटतात. त्यांना माझं सांगणं आहे: प्रसंगाच्या खेळाला वीस-पंचवीस छोटी वाक्यं पुरतात. ती ठाम, स्वच्छ आणि रोज बोला. पहिली-दुसरीच्या वर्गाला तुमच्या इंग्रजीच्या विस्तारापेक्षा तुमची सवय अधिक शिकवते.

या संमेलनातून तीन कामं पुढे न्यावीत, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक केंद्राने आपल्या भागाचे दहा प्रसंग निवडून त्यांचे खेळ तयार करावेत. सांगलीकडे हळद आहे: शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं, पिवळा रंग, पोतं. महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरी, कराडकडे गुऱ्हाळ. बेंदूर, आठवडे बाजार, एसटी स्टँड, पुसेगावची किंवा खरसुंडीची यात्रा तर सगळ्यांचीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी रंगभूमीची मुहूर्तमेढ रोवली. त्या जिल्ह्याच्या शिक्षकांना प्रसंग कसा उभा करायचा हे मी काय सांगावं! दुसरं, केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला पाऊण तास या खेळांसाठी राखून ठेवा, आणि तो भाषणात न घालवता शिक्षकांनी स्वतः खेळून पाहावं. राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या ‘तेजस’ उपक्रमात शिक्षकांचे असे गट २०१६ पासून बसू लागले, त्यामुळे वाट अनोळखी नाही. तिसरं, फलटण आणि सांगलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी हे खेळ गोळा करून, वर्गात तपासून, शाळाशाळांत पोहोचवावेत.

प्रशासनाला मी आदराने सांगते: जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने खेळातून शिकण्याला मान्यता दिली आहे. तेव्हा खेळत्या वर्गातून आवाज आला, तर त्याला बेशिस्त म्हणू नका, आणि तपासणीत ‘वहीत काय लिहिलंय’ याच्याआधी ‘मुलं काय करू शकतात’ ते पाहा. पालकांना सांगते: घरी आल्यावर पोराला ‘आज किती शब्द पाठ केलेस’ विचारण्यापेक्षा ‘आज काय खेळलास, मला शिकव’ म्हणा. आई-वडिलांना शिकवताना मुलाचा शब्द पक्का होतो, आणि गावच्या शाळेत काय चाललंय हे घराला कळतं. पिवळ्या बसला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

ज्यांच्या घरी इंग्रजी नाही, पुस्तकं नाहीत, शिकवणीला पैसे नाहीत, अशी मुलं आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या घरी बाग आहे, गोठा आहे, बाजार आहे, आणि त्यातलं सगळं त्यांना आपल्याहून चांगलं माहीत आहे. त्या माहितीला इंग्रजी शब्द जोडून देणं हे आपलं काम. ते आपण नेटाने केलं, तर सावित्रीबाईंनी ज्यांना हाक दिली होती त्यांच्यापर्यंत ती पोहोचेल. येत्या सोमवारी वर्गात जाल तेव्हा एक तक्ता उतरवा आणि एक प्रसंग उभा करा, एवढंच मी आपल्याकडे मागते.