फिरत्या घरांतील विजेचा जमाखर्च

प्रवासास निघावें आणि घरहि आपल्याबरोबर न्यावें, ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. बैलगाडींत चूलबोळकीं घालून जत्रेस जाणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत पुष्कळ होऊन गेलीं. युरोपांत हीच हौस मोटारीनें पुरविली. जर्मनींत फोक्सवॅगनची डब्याच्या आकाराची गाडी १९५० सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया या कारखान्यानें तींत ठेवण्याजोगें निजण्याजेवण्याचें सामान तयार केलें. आज ब्रिटनमध्यें साधी मालवाहू व्हॅन विकत घेऊन तींत आपल्या हातांनीं बिछाना, शेगडी, दिवे आणि शीतकपाट बसविणारे लोक पुष्कळ आहेत. अशा गाडीस ‘कँपरव्हॅन’ म्हणतात.

या फिरत्या घरास वीज लागते. तिचा सारा भार गाडीच्या मूळच्या बॅटरीवर टाकला, तर रात्रीं दिवे जळतील, पण सकाळीं इंजिन सुरू होणार नाहीं. म्हणून घरासाठीं मागच्या बाजूस दुसरी बॅटरी बसवितात. इंजिन चालूं असतां ऑल्टरनेटर नांवाचें जनित्र पहिली बॅटरी भरतें. त्याच वेळीं रिले नांवाची आपोआप मिटणारी कळ दोन्ही बॅटऱ्या जोडते आणि मागचीहि भरूं लागते. इंजिन थांबलें कीं कळ उघडते व दोघींचा संबंध तुटतो. योजना सोपी आहे. परंतु ती कारखान्यांत नव्हे, तर बहुधा एकाद्या पूर्वीच्या मालकाच्या अंगणांत, रविवारच्या फुरसतींत पार पडलेली असते. पुष्कळशा दुखण्यांचें मूळ तेथेंच असतें.

असें समजावें कीं, एक गृहस्थ अशी जुनी व्हॅन घेऊन सहकुटुंब स्कॉटलंडच्या उत्तरेस निघाला आहे. शीतकपाटांत मुलांचें दूध आणि वृद्ध वडिलांच्या इन्सुलिनच्या कुप्या आहेत. दिवसभर गाडी हांकली, तरी पहांटे शीतकपाट बंद पडतें. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली. गृहस्थ नवी बॅटरी आणतो. आठ दिवसांनीं तिचीहि तीच गत होते. मग कोणी मोठा रिले सुचवितो, तर कोणी छपरावर सूर्यप्रकाशाचे पत्रे बसविण्यास सांगतो. खिसा रिकामा होतो, दोष मात्र जागचा हालत नाहीं. नाडी न पाहतां वैद्यानें रोज औषध बदलावें, तसाच हा प्रकार होय.

येथें नाडी पाहण्याचें साधन म्हणजे व्होल्टमीटर. प्रथम बॅटरी विश्रांतींत असतां तपासावी. कांहीं तास न भरतां व न वापरतां ठेवलेली शिशाची बॅटरी सुमारें १२.७ व्होल्ट दाखवील, तर ती पूर्ण भरलेली, १२.२ दाखवील, तर सुमारें अर्धी, आणि ११.९ च्या खालीं गेली, तर जवळजवळ रिकामी समजावी. नंतर गाडी मोकळ्या हवेंत उभी करून इंजिन चालूं करावें, आणि मागची बॅटरी भरत असतांनाच दोन्ही बॅटऱ्यांवरील दाब मोजावा. समजा, पुढच्या बॅटरीवर १४.३ व्होल्ट आले आणि मागच्या बॅटरीवर १३.१. याचा अर्थ असा कीं, १.२ व्होल्ट वाटेंत नाहींसे झाले.

गुस्ताव किरखोफ या जर्मन शास्त्रज्ञानें १८४५ सालीं जो नियम मांडला, त्याचें तात्पर्य असें कीं, विजेच्या बंद मार्गावर दाबाची जेवढी जमा, तेवढाच खर्च; एक पैहि गहाळ होत नाहीं. तेव्हां १.२ व्होल्ट कोणाच्या खर्चीं पडले, हें शोधणें एवढेंच काम उरतें. मीटरला लांब तार जोडून त्याचें एक टोंक पुढच्या बॅटरीच्या धन अग्रावर व दुसरें मागच्या बॅटरीच्या धन अग्रावर ठेवावें. मीटर ०.३ दाखवितो. हा तार, फ्यूज आणि रिले यांचा मिळून खर्च. मग दोन्ही ऋण अग्रांमध्यें तसेंच मोजावें. तेथें ०.९ निघतात. ०.३ आणि ०.९ मिळून १.२, हिशेब जुळला आणि चोरहि सांपडला!

ऋण बाजूस बहुधा निराळी लांब तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट असते. पूर्वीच्या मालकानें तारेचा बोल्ट रंगावरच आवळला होता. पुढें ओल शिरून तेथें गंज चढला. बोल्ट काढून, पत्रा चकचकीत होईपर्यंत घांसून, पुन्हां घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरविला, कीं काम झालें. दोन बॅटऱ्यांचे पैसे एका बोल्टापायीं गेले असते.

हें मोजमाप प्रवाह वाहत असतांनाच केलें पाहिजे. पाणी थांबलेलें असतां चोंदलेल्या नळांतहि दाब पूर्णच असतो. तोटी उघडली म्हणजेच अडथळा कळतो. तसेंच, धन बाजूचा खर्च मोठा निघाला, तर फ्यूज व रिले यांच्या दोन्ही बाजूंस मीटर लावून एकेक सांधा तपासावा. ते निर्दोष असल्यास तार बारीक आहे असें समजावें. ६ चौरस मिलिमीटर छेदाच्या, ६ मीटर लांबीच्या तांब्याच्या तारेंतून ३० अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारें अर्धा व्होल्ट खर्च होतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेंत तो ०.२ हून कमी. अर्धा व्होल्ट क्षुल्लक नव्हे. कायम अर्धपोटी राहणाऱ्या शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ती अकालीं मरते.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं संगणक ऑल्टरनेटरचा दाब मधूनमधून मुद्दाम उतरवितो. तेथें वाटेंतील खर्च योग्य असूनहि जमाच अपुरी पडते. अशा वेळीं साध्या रिलेऐवजीं, बॅटरीस लागेल तेवढा दाब वाढवून देणारा डीसी-डीसी चार्जर बसवावा लागतो. लिथियमची बॅटरी एकदम फार प्रवाह ओढून जनित्र तापवूं शकते. तिच्यासाठींहि हाच चार्जर उपयोगी, कारण तो प्रवाहास मर्यादा घालतो.

शेवटची गोष्ट जिवाशीं गांठ घालणारी आहे. दोन बॅटऱ्यांमधील तारेस दोन्ही टोंकांकडून वीज मिळते. ती पत्र्यावर घांसून उघडी पडली, तर शेंकडों अँपिअर प्रवाह वाहून ती निखाऱ्यासारखी तापते. आणि जवळच लांकडी फळ्या व निजलेलीं मुलें असतात. म्हणून दोन्ही धन अग्रांच्या अगदीं जवळ एकेक फ्यूज असलाच पाहिजे. दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं हातांतील अंगठ्या-बांगड्या उतराव्या आणि बॅटरीचें ऋण अग्र प्रथम सोडवावें. मीटर अँपिअरवर लावून बॅटरीच्या दोन अग्रांवर कधींहि टेकूं नये.

तर्कानें दोष शोधूं गेल्यास गाडींतील प्रत्येक वस्तु दोषी दिसूं लागते. मोजमाप मात्र एका बोल्टावर बोट ठेवतें. तें अर्ध्या तासाचें काम निघण्यापूर्वींच उरकलें, तर रानांत पहांटे औषधाच्या चिंतेनें कोणास उठून बसावें लागणार नाहीं.