राणी पाकोळी आणि आपला कढीपत्ता
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



वेळ पाचच मिनिटं आहे, म्हणून दोनच फुलपाखरांबद्दल बोलतो.

पहिलं राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. असं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलं राज्य. पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर, काळ्या मखमलीवर निळा रंग. हे मुख्यतः सह्याद्रीच्या ओल्या जंगलातलं.

दुसरं कॉमन मॉर्मन, त्याचंच भावंड. आकारानं लहान, मागच्या पंखांना शेपटी. राणी पाकोळीला ती नसते, ओळखायची सोपी खूण! नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र बहुरूपी, तीन रूपांत दिसते. एक नरासारखं, उरलेली दोन कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल. पक्षी फसतात, तिला सोडून देतात. ही सोंगं 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक ठरवतं, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं.

भावंडं असूनही एक ओल्या जंगलात रमतं, दुसरं आपल्या कोरड्या जालन्यातही संसार थाटतं. कारण त्याच्या अळीला लिंबू, मोसंबी, बेल, कढीपत्ता काहीही चालतं. आता मोसंबी म्हणजे जालन्याची शान. गावाकडं बाग असणाऱ्यांना ठाऊक आहे, कोवळ्या रोपांवर अळ्या वाढल्या तर बंदोबस्त करावाच लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण सोसायटीच्या कुंपणाजवळच्या कढीपत्त्याचं तसं नाही. तो आपण विकत नाही, फोडणीला चार पानं तोडतो. तिथं अळी दिसली की लगेच फवारणीची मागणी होते. लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि उग्र वास सोडते, बस्स. चावत नाही, खाज येत नाही. दोन-तीन आठवड्यांत तिचा कोष होतो. झाडाला पुन्हा पालवी फुटते.

म्हणून पंचविसाव्या वर्षी एकच विनंती. त्या कढीपत्त्यावर फवारणी नको, असा ठराव करूया. तोडलेली पानं तेवढी धुऊन, बघून घ्या. आणि बालदोस्तांनो, कोष सापडला तर हात लावू नका, रोज येऊन बघा.