ठरीव दराचे जेवण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशाहून आलेल्या बाईने मंडळात बोलायचे म्हणजे तिथले पूल, पुतळे आणि धबधबे यांचे वर्णन करायचे, अशी आपल्याकडे चाल पडली आहे. चिटणीसबाईंनी मला तेच सुचविले होते. पण ते सारे तुम्ही चित्रांत पाहिलेले आहे. म्हणून मी आज एका जेवणाविषयी सांगणार आहे. मी केलेल्या नव्हे, जेवलेल्या.

२०२४ च्या जानेवारीत मी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीत होते. बाळ दोन महिन्यांचे झाले होते. एके संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, उद्या आपण दोघीच न्यूयॉर्कला जेवायला जाऊ. तिथे रेस्टॉरंट वीक चालू आहे.”

“अगं, आणि बाळ?”

“बाळाला बाप आहे.”

जावईबापूही म्हणाले, “आई, तुम्ही निर्धास्त जा.” तरी निघताना मी त्यांना दुपटी कुठे, बाटली कुठे, हे दोनदा दाखविले. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले. रोज रात्री उठून ते सारे तेच करीत होते, हे मला मागाहून कळले.

सप्ताह म्हटला की आपल्याला नामसप्ताह आठवतो. हा सप्ताह हॉटेलांचा, आणि गंमत अशी की तो सुमारे तीन आठवडे चालतो! १९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन न्यूयॉर्कात भरायचे होते. तेव्हा टिम झगॅट आणि जो बॉम या दोन गृहस्थांनी अशी कल्पना काढली की, पाहुण्यांसाठी शहरातल्या नामांकित हॉटेलांनी दुपारचे जेवण एकाच ठरीव दराने द्यावे. सन १९९२, म्हणून दर १९ डॉलर ९२ सेंट. लोकांना ते इतके आवडले की प्रथाच पडली. आता ती वर्षातून दोनदा पाळतात, एकदा ऐन थंडीत आणि एकदा ऐन उन्हाळ्यात. म्हणजे ज्या दिवसांत गिऱ्हाईक कमी आणि टेबले रिकामी, नेमके तेच दिवस. शनिवार त्यातून बहुधा वगळलेला असतो, कारण त्या दिवशी लोक पुरे पैसे देऊन येतातच. औदार्यालाही हिशेब असतो, आणि असावाच. आम्ही गेलो त्या वर्षी दर तीन होते: ३०, ४५ आणि ६० डॉलर. आम्ही तिसांतले दुपारचे जेवण घेतले. त्यात एक आरंभीचा पदार्थ आणि एक मुख्य.

ठरीव दर आपल्याला नवा नाही. राइसप्लेट म्हणजे तरी काय? आणि गिरणगावातल्या ज्या बायकांनी महिन्याच्या दराने गिरणी कामगारांना जेवू घातले, त्यांना तर याचे मर्म पुरते ठाऊक होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांनाच अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. फरक इतकाच की त्या वाढीत होत्या आणि मी वाढून घ्यायला बसले होते.

खुर्चीवर बसल्यावर वाढप्याने विचारले, पाणी साधे, बुडबुड्यांचे, की नळाचे? मुलीने मला टेबलाखालून पाय लावला आणि म्हणाली, “नळाचे.” बाकीच्या दोहोंना पैसे पडतात. मग कार्ड आले. वरती ‘प्रिक्स फिक्स’ असे मी वाचले. तो शब्द फ्रेंच असून ‘प्री फीक्स’ असा म्हणतात. त्याखाली आरंभाचे तीन पदार्थ आणि मुख्य तीन. बीट, फुलकोबी, मश्रूम, कोंबडी. मी मनात म्हटले, ही तर आपली महिनाअखेरची बाजारहाट! मोजके पदार्थ ठेवले की स्वयंपाकघरात नासाडी कमी, एकाच मोठ्या भांड्यात काम, आणि जिन्नस हंगामातले म्हणून स्वस्त. पण त्या फुलकोबीचा जाड काप भट्टीत असा खरपूस भाजला होता की, मी इतकी वर्षे फुलकोबी फक्त शिजवली, असे मला वाटले.

मात्र ते पुढचे. आधी अडले ते निवडीपाशी. मी मुलीला म्हटले, “तू सांगशील तेच मीही घेईन.”

ती म्हणाली, “आई, पैसे तेवढेच पडणार आहेत. तुला काय आवडते ते सांग.”

भगिनींनो, मी आजवर हॉटेलातले कार्ड नेहमी उजवीकडून वाचीत आले. आधी आकडा पाहायचा, त्यातला सर्वांत लहान शोधायचा, आणि मग त्याच्या डावीकडे जे काही लिहिलेले असेल ते आपल्याला आवडते असे म्हणायचे. इथे उजवीकडे आकडेच नव्हते! लपायला जागा राहिली नाही. यांना आमटी घट्ट लागते, सासूबाईंना वांगे चालत नसे, मोठ्याला कारले, धाकटीला साय नको, हे मला झोपेतही सांगता येईल. माझे स्वतःचे काही आठवेना. वाढपी बिचारा हसतमुखाने उभा. मुलगी हळूच म्हणाली, “मला तरी कुठे माहीत आहे? मी विचारले की तू म्हणायचीस, उरेल ते.” तिचे डोळे भरून आले होते. बाळंतिणीचे मन हळवे असते, असे म्हणून मी तो विषय तिथेच थांबविला आणि घाईघाईने बिटाची कोशिंबीर सांगितली.

ती आली. लाल फोडींवर बकरीच्या दुधाचे चीज, आणि त्यावर हिरवी बारीक पाने भुरभुरलेली. घास तोंडाशी नेला आणि हात थांबला. शेपू! माहेरी आई मुगाची डाळ घालून करायची, वरून लसणाची फोडणी, ज्वारीच्या भाकरीबरोबर. मी भावाच्या पानातली पळवून खात असे. सासरी कुणालाच तो वास सोसत नसे. मला कुणी मना केले नव्हते, मीच एकेचाळीस वर्षांत एक जुडी आणली नव्हती.

हे सांगितल्यावर मुलीने हट्टाने मला गोडही मागवायला लावले. ते दरात नव्हते. तेव्हा बिलाचेही सांगते, म्हणजे कुणी मुलीकडे गेलात तर फसणार नाही. दोन जेवणांचे ६०, गोडाचे १२, त्यावर ८.८७५ टक्के कर, म्हणजे ६ डॉलर ३९ सेंट, आणि बक्षिसी २० टक्के, १४ डॉलर ४०. एकूण ९२ डॉलर ७९ सेंट, आपले साडेसात हजारांवर रुपये. बक्षिसी मला जड वाटली. पण मुलीने समजावले की त्या वर्षी तिथे तासाला किमान वेतन १६ डॉलर असले, तरी हॉटेलमालक वाढप्याला पदरचे १०.६५ देऊन बाकीचे बक्षिसीतून धरू शकतो. म्हणजे ती खुशाली नव्हे, मजुरीच. मग मी गप्प बसले.

घरी आलो तेव्हा बाप आणि बाळ दोघेही गाढ झोपले होते.

मी मार्चमध्ये परत आले. दुसऱ्याच दिवशी मंडईतून शेपूची जुडी आणली. यांनी ताटाकडे पाहून विचारले, “हे काय?”

“शेपू. मला आवडतो.”

“बरं,” म्हणून त्यांनी लोणचे वाढून घेतले. आता दर गुरुवारी मी करते, ते लोणच्याशी जेवतात. फुलकोबीचे भाजलेले काप मात्र त्यांना पसंत पडले आहेत.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. ते बिल मी जपून आणले आहे, ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी पाहावे.