हलाल अन्न आणि दुकानदाराचा धर्म



आज मी आपणापुढे रोजच्या व्यवहारातला एक प्रश्न ठेवणार आहे. मुसलमानेतर दुकानदाराकडून घेतलेले अन्न आपणांस चालते काय? काही घरांत याचे उत्तर घाईने ‘नाही’ असे दिले जाते. काही घरांत प्रश्नच विचारला जात नाही. दोन्ही रीती बरोबर नाहीत.

मोंढ्यातली ज्वारी, अंबड-घनसावंगीची मोसंबी, रतिबाचे दूध या वस्तू मुळातच हलाल आहेत. पिकविणारा, आडत्या, किराणावाला कोणत्या धर्माचा आहे यावरून त्या हराम ठरत नाहीत. हजरत पैगंबरांनी (स.) मदीनेत एका यहुदी व्यापाऱ्याकडून उधारीवर धान्य घेतले व आपले चिलखत त्याच्याकडे गहाण ठेवले, ही हदीस सहीह बुखारीत आहे.

मांसाची गोष्ट निराळी. तेथे जनावर कोणते, जबह कोणी केली, अल्लाहचे नाव घेतले काय, हे पाहावेच लागते. आपल्या जुन्या गावगाड्याने हा प्रश्न सोडविला होता. मुलाणी हा गावचा बलुतेदार. जत्रेचा बकराही अनेक गावांत तोच कापी. त्यामुळे हिंदू यजमानाच्या घरचे मटण मुसलमान पाहुण्यास चालत असे. आज हॉटेलच्या पाटीवरील नाव वाचून निर्णय करू नये. मालक हिंदू असला तरी मटण विश्वासू मुसलमान खाटकाकडून येत असेल. मालक मुसलमान असला तरी कोंबडी कोठून येते हे त्यालाही विचारावे. विचारावे, पण नम्रपणे.

पाकीटबंद मालाचे तर वाचूनच घ्यावे. हिरवी खूण म्हणजे मांस, चरबी वा जिलेटिन नाही एवढेच. स्वादासाठी वापरलेल्या मद्यार्काबद्दल ती काही सांगत नाही. ‘ई १२०’ हा लाल रंग किड्यांपासून काढतात. विज्ञानाच्या शिक्षकांनी एक तास रिकाम्या पाकिटांवरील मजकूर वाचण्यास द्यावा, ही माझी विनंती आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्राच्या मालावर, निर्यात वगळून, बंदी आली. मार्च २०२५ मध्ये आपल्या राज्यात हिंदूंच्या झटका मटण दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली. बाजार असा वाटला जात असताना ‘अमक्याकडून घेऊ नका’ असे निरोप मोबाइलवर आपल्याकडूनही फिरू लागले, तर नुकसान कोणाचे? आपला फळवाला, आपला बेकरीवाला हिंदू गिऱ्हाइकांवरच उभा आहे. शिवाय बातमीची शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची आज्ञाच आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. तराजूत खोट असेल तर मुसलमानाच्या दुकानातील कमाईही हलाल राहत नाही. आणि चोख माप देणारा शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या विश्वासास पात्र आहे.