शिलारसाच्या नळ्यांतील बुडी

प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पुपुकेया म्हणून एक स्थळ आहे. तेथे काळ्या खडकांनी वेढलेले समुद्राचे एक लहानसे कुंड असून त्यास ‘शार्क्स कोव्ह’ असे म्हणतात. नाव ऐकून श्रोत्यांनी दचकण्याचे कारण नाही. हवाईच्या कपारींत आढळणारा पांढऱ्या टोकाच्या परांचा शार्क दिवसा बहुधा निजलेला असतो आणि माणसाच्या वाटेस सहसा जात नाही. भय आहे ते निराळ्याच गोष्टीचे.

हा खडक म्हणजे थिजलेला शिलारस. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा फत्तर ज्या जातीचा, त्याच जातीचा. मात्र दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि ओआहूचा त्या मानाने कालचाच. पातळ शिलारस वाहू लागला की दुधावर साय धरावी तसे त्याचे पृष्ठ आधी गोठते. या सायीखाली उष्णता टिकून राहते, आणि हजार अंशांहून अधिक तप्त असा रस दूरवर वाहत जातो. उगम आटला की तो निथळून जातो व मागे पोकळ नळी उरते. याच द्वीपसमूहातील मोठ्या बेटावरील कझुमुरा नावाची नळी सुमारे ६५ किलोमीटर लांब आहे! किनाऱ्यालगतच्या नळ्यांत पुढे समुद्र शिरला, लाटांनी त्या कोरल्या, काहींची छपरे पाडली. शार्क्स कोव्हच्या बाजूच्या गुहा व कमानी पाणबुड्यांना भुलवितात, त्या यामुळेच.

आणि भुलविण्याजोगे तेथे आहेही पुष्कळ. छपराच्या भोकांतून उन्हाचे तिरपे खांब उतरलेले असतात. काळोखात मोठ्या डोळ्यांचे सैनिक मासे थव्याने स्तब्ध असतात. ते काळपट दिसतात, पण विजेरीचा झोत पडताच लालभडक होतात. अशा गुहांच्या छताला नारिंगी प्रवाळ फुललेले आढळते, कारण या जातीला उन्हाची गरजच नाही. कपारीतून शेवंडांच्या मिशा डोकावतात. १९८३ पासून हा भाग सागरी जीवांसाठी राखून ठेवला असून २००३ मध्ये त्याची हद्द वाढविण्यात आली.

आता थोडे गणित. शिक्षकाला ते टाळवत नाही. पाठीवरच्या नळकांड्यात सुमारे २,२०० लिटर हवा दाबून भरलेली असते. मिनिटास वीस लिटर लागते असे धरू. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून खर्चही दुप्पट. हवा पाऊण तासाच्या थोडी पुढे पुरते. उघड्या समुद्रात काही बिघडले तर श्वास न कोंडता सावकाश वर येता येते. (श्वास कोंडून वर आल्यास फुफ्फुसांतील हवा फुगून ती फाटतात.) नळीत मात्र वर आहे तो फत्तर.

म्हणून गुहेत शिरणाऱ्यांचा दंडक असा की, एक तृतीयांश हवा आत जाण्यास, एक परतण्यास. तिसरा तृतीयांश कशासाठी? वर्गात हा प्रश्न घातला, तेव्हा एक मुलगा चटकन म्हणाला, “शिल्लक म्हणून.” उत्तर अपुरे आहे. अगदी आतल्या टोकाशी पोहोचताच सोबत्याचे नळकांडे निकामी झाले असे समजा. आता एकाच नळकांड्यावर दोघांनी परतावयाचे आहे, आणि त्यात दोन तृतीयांश शिल्लक आहेत. दोघांना नेमके पुरतील इतकेच. तो तिसरा वाटा आपला नव्हेच, तो सोबत्याचा आहे.

तोही शांत माणसाच्या हिशेबाने. घाबरलेला मनुष्य भराभर श्वास घेतो. पायांतल्या रबरी वल्ह्यांनी तळचा गाळ ढवळला की विजेरीही आंधळी होते. शेक एक्सली या अमेरिकन पाणबुड्याने गुहांतील अपघातांची छाननी करून १९७९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यातही हवेच्या या वाटणीबरोबर बाहेरपर्यंत अखंड दोर राखण्यास मोठे स्थान आहे. “नळी आखूडच आहे, पलीकडचा उजेड दिसतो,” असे म्हणून शिक्षणावाचून आत शिरणाऱ्यांचे धाडस मला तरी कौतुकाचे वाटत नाही.

हे सारे उन्हाळ्यातले. मे ते सप्टेंबर तेथले पाणी बहुधा तळ्यासारखे निवांत असते. हिवाळ्यात उत्तर प्रशांतातील वादळांच्या लाटा या किनाऱ्यावर वीस फुटांहूनही उंच उसळतात. नळ्यांत कोंडलेले पाणी तेव्हा भात्यासारखे आतबाहेर हिसकते, आणि पाणबुडे आपली नळकांडी घेऊन बेटाच्या दक्षिण व पश्चिम किनाऱ्यांकडे वळतात.