खांद्यावरची गाठ

मी तुमची सिस्टर बोलतेय.

मागच्या महिन्यात वडगाव रासाईला बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पदर बाजूला करून खांदा दाखवला. लिंबाएवढी गाठ, सात-आठ वर्षांपासूनची. फवारणीचा पंप अडकवला की पट्टा नेमका तिच्यावर घासायचा. कुणीतरी बिब्बा लावायला सांगितलं, तोही लावून झाला. गाठ होती तेवढीच राहिली, वरची कातडी मात्र भाजून काळी पडली. बिब्बा, चुना, डागणं यातलं काहीही गाठीवर करू नका गं बायांनो!

मी हात लावून बघितलं. मळलेल्या कणकेसारखी मऊ, बोटाखाली सरकणारी, दुखत नव्हती. अशी गाठ बहुतेक वेळा चरबीची असते. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. तेल-तूप खाल्ल्याने ती होत नाही, काटकुळ्या बाईलाही होते. काही घरांत मायलेकींना, भावांना सगळ्यांनाच असते. हा कॅन्सर नव्हे. त्रास नसेल तर तशीच राहू दिली तरी चालते. गोळीने किंवा मालिशने ती विरघळत नाही, एवढं खरं.

पण खात्री डॉक्टरांनीच करायची. गाठ भराभर वाढली, कडक लागली, जागची हलेना, दुखू लागली, किंवा 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, तर थांबू नका. शिरूरच्या नाहीतर नदीपलीकडे दौंडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गाठ खोल असेल तर पुण्याला ससूनला पाठवतात.

ताईंना पट्टा घासायचा म्हणून गाठ काढायचं ठरलं. त्यांना वाटलं, आता बेशुद्ध करणार. लहान गाठीला तसं सहसा लागत नाही. तेवढीच जागा सुईने बधिर करतात, छोटा छेद घेतात आणि गाठ तिच्या पातळ पिशवीसकट बाहेर काढतात. पिशवी मागे राहिली तर गाठ पुन्हा येऊ शकते. काढलेली गाठ तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट आणायला विसरू नका. शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. ताई त्याच दिवशी घरी आल्या. पंधरा दिवस पंप उचलायचा नाही म्हटल्यावर मालक जरा कुरकुरले, पण उचलला त्यांनीच.

त्या बैठकीतून उठताना आणखी एक बाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या छातीत पण आहे एक. चरबीचीच असंल ना?"

मी म्हटलं, असेलही, पण छातीतली गाठ हात लावून ठरवायची नसते, मी नाही आणि डॉक्टरांनीही नाही. तिला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागते, गरज पडली तर सुईची तपासणी. लाजेपायी त्यांनी चार महिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी गेलो.

खांद्यावाल्या ताईंचे टाके गुरुवारी निघाले. या बाईंचा रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. आणायला मीही जाणार आहे.