तेच औषध, मग सहा बाटल्या कशाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी एखादा पदार्थ सांगेन असे पुष्कळजणींना वाटले असेल. पण बरेच दिवस मनात घोळत असलेली दुसरीच गोष्ट आज सांगते.

२०२१ च्या उन्हाळ्यात माझे धाकटे दीर करोनातून उठले. आठवड्याभरात त्यांचा डावा गाल बधिर झाला, वरची दाढ हलू लागली. साखर फार वाढलेली होती. डॉक्टर म्हणाले, "म्युकरमायकोसिस." लोक त्यालाच काळी बुरशी म्हणत. ॲम्फोटेरिसिन नावाचे इंजेक्शन सुरू झाले. ते शिरेतून चढू लागले की त्यांचे सारे अंग थडथड उडे. चार दिवसांत मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला. मग डॉक्टरांनी तेच औषध 'लायपोसोमल' म्हणून लिहून दिले, रोज सहा बाटल्या! त्या दिवसांत त्याची सगळीकडे टंचाई. घरातली मुले कोपरगाव, नगर, नाशिक अशी धावत होती. जाऊ मला म्हणाली, "जाऊबाई, औषध तेच, मग सहा बाटल्या कशाला?" मला उत्तर देता आले नाही. पुढे डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते असे.

हे औषध मातीतल्या एका सूक्ष्म जंतूपासून १९५० च्या दशकात सापडले. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडते. पण मोकळे सोडले तर आपल्या मूत्रपिंडालाही इजा करते. पाटाचे पाणी मोकळे सोडले की उसाबरोबर बांध आणि तणही भिजते, तसेच हे.

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांना दिसले की, काही स्निग्ध पदार्थ पाण्यात घातले की त्यांचे आपोआप बारीक फुगे बनतात. तेच लायपोसोम. असा स्निग्ध पदार्थ अंड्याच्या बलकात असतो आणि आपल्या शिवारातल्या सोयाबीनमध्येही असतो. औषधाचे फुगे १०० नॅनोमीटरहूनही लहान करता येतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. औषध या फुग्याच्या आवरणात बसते, मूत्रपिंडाला त्याचा उपद्रव कमी होतो, आणि फुगा बुरशीला जाऊन चिकटला की तेथे औषध सुटते. ठिबकची नळी मुळाशी पाणी देते, तसे म्हणा ना.

आता सहा बाटल्यांचा हिशेब. साधे औषध वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १ मिलिग्रॅमच सोसते. फुग्यातले ५ मिलिग्रॅम देता येते. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, आणि बाटली ५० ची. उपद्रव कमी, म्हणून मात्रा मोठी. म्हणूनच या दोहोंची अदलाबदल घरच्या माणसांनी करू नये. बाटलीवरचे पूर्ण नाव वाचून डॉक्टरांना दाखवावे.

हे सारे परदेशातच झाले असे मात्र नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील डॉ. बच्छावत यांच्या प्रयत्नांतून आपल्या देशातही असे औषध तयार झाले. नीलिमाबाई पुढे के. ई. एम.च्या अधिष्ठाता झाल्या. एका बाईचा हात या कामात आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

तरीही फुग्याने सगळे साधत नाही. दिरांची शस्त्रक्रिया करावी लागली, वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. आज ते शेतावर जातात. बोलणे थोडे नाकातून येते, एवढेच. डॉक्टर म्हणाले, साखर आधी आटोक्यात असती तर बुरशीला इतके फावले नसते.

म्हणून मंडळाला माझी एकच विनंती आहे. हळदीकुंकवाला आपण जमतो, तशा दर तीन महिन्यांनी साखर तपासायला जमू या. आणि साखरेच्या माणसाचा गाल बधिर झाला, एका बाजूचा चेहरा सुजला, नाकातून काळपट स्राव आला किंवा दात हलू लागला, तर काढे करीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जावेला उत्तर द्यायला मला उशीर झाला. तुम्हांला आज वेळेवर सांगितले.